लोखंडी मडकं

भागीरथाची खानावळ शेवटी पाडली. वैशाखातल्या एका सकाळी, ऊन चढायच्या आत, आधी छप्पर उतरवलं, मग कूड उपटले, आणि भिलाईच्या कँप-१ मधली सगळ्यात गर्दीची झोपडी एका बैलगाडीत मावेल एवढे बांबू होऊन रस्त्याकडेला पडली. पाहायला अर्धा कँप जमला होता.

तर तसं काही झालं नाही. कँपात कुणालाही विचारा, भागीरथाबाईची खानावळ कधी पाडली म्हणून. तो तुमच्या तोंडाचा वास घेईल. तेव्हा आपणही ती पाडलेली नाही असंच धरून चालू. खानावळ उभी आहे, चुलीवर पाटवडीचा रस्सा उकळतो आहे, आणि आतल्या अंधारात भागीरथाचा नवरा धोंडबा पाट्यावर मसाला वाटत बसला आहे.

धोंडबा मसाला वाटत नव्हता, हेही इथंच सांगितलेलं बरं. तो भंडाऱ्याकडून आला तेव्हा खलाशी होता. कारखान्याचे गर्डर दोरानं वर चढवणाऱ्या टोळीत. एका गर्डरानं झोका घेतला आणि धोंडबाच्या कमरेत कायमचा मुक्काम केला. डॉक्टर म्हणाला, ओझं उचलायचं नाही. ठेकेदारानं मग धोंडबालाच उचलून बाहेर ठेवलं. तेव्हापासून बायको रांधायची आणि हा खोबरं, खसखस, सुकी मिरची पाट्यावर रगडायचा. हात कोपरापर्यंत लाल. पण पुरुष माणसानं पाट्यापाशी बसणं म्हणजे काय, हे भंडारा-गोंदियाच्या लोकांना सांगायला नको. म्हणून जेवायला येणारा प्रत्येक जण आधी बाहेरून खोकायचा. धोंडबा वरवंटा सोडून भिंतीला टेकायचा. येणारा विचारायचा, "काय धोंडबाभौ, आराम?" धोंडबा म्हणायचा, "हाव, आराम." लाल हात कुणाला दिसायचे नाहीत.

कँपातल्या भंडाऱ्याकडच्या लोकांची ही रीतच होती. माणसाची मान खाली जाईल असं काही घडलं, की ते घडलंच नाही. देवाजीचंच घ्या. देवाजी कुणबी, माती खणणाऱ्या टोळीचा मुकादम. गावाकडे त्याच्या घरचे लोक भागीरथाच्या घरच्यांना वरून पाणी वाढायचे. इथं भुकेपुढे त्याचा इलाज चालेना, म्हणून तो बाहेर एका दगडावर बसून, स्वतःच्या लोट्यातलं पाणी पीत जेवायचा. फाल्गुनात तो दगड तापला. चैत्रात त्यावर बसणं म्हणजे बसणाऱ्याचीच रोटी व्हायची. एका दुपारी देवाजी उठला, आत आला आणि पंगतीत चंपत वेल्डरच्या शेजारी मांडी घालून बसला. कुणी मान वर केली नाही. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखालीच त्याला जागा मिळाली होती. भागीरथानं त्याच्या ताटात रोटी टाकली आणि तिखट चालेल का, एवढंच विचारलं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून ती पंगतीत दुसरं काही विचारत नसे. देवाजी कधी बाहेर बसत होता, हे आता कँपात कुणालाच आठवत नाही. देवाजीला तर मुळीच नाही.

आणि रोटी म्हणजे तरी कशी. कणीक इतकी सैल भिजवायची की परातीत ठरू नये. ती आपटायची, ताणायची, पुन्हा आपटायची. भागीरथाच्या खांद्यांवरून घामाचे ओघळ सुटायचे तेव्हा कणकेला तार सुटायची. मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा, झुलवता झुलवता तो कोपरापर्यंत लांबायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर एका झटक्यात अंथरायचा. धोतरासारखी पातळ, लांब रोटी. मडक्यानं धरली की फुगायची, सोडली की घडी घालून ताटात. दोन पाळ्यांची माणसं त्या रोटीसाठी रांगेत बसायची. भट्टीच्या कामावर तोंडाची चव गेलेला माणूस इथं येऊन पहिला घास घ्यायचा आणि डोळे मिटायचा. धोंडबाला अजूनही वाटायचं की अशी बायको आपल्याला मिळाली ती चुकून.

चैत्रात दोन संकटं आली. पहिलं मडक्यांचं. भंडाऱ्याहून रेल्वेनं, पोरासारखी मांडीवर बसवून आणलेली मडकी संपली. इथल्या बाजारातली मडकी पाण्यासाठी चांगली होती, पण पालथी घालून पोटाखाली जाळ केला की दुपारच्या पंगतीतच फुटायची. रोटी निखाऱ्यात, निखारे रश्श्यात.

दुसरं संकट चुन्याचं. नळाच्या ठेकेदाराचा माणूस चुन्याची टोपली घेऊन आला आणि जमिनीवर पांढरी रेघ ओढत निघाला. रेघ दारातून आत आली, चुलीपाशी गेली आणि मागच्या कुडातून बाहेर पडली. जेवायलासुद्धा थांबली नाही. नव्या वस्तीला पाणी न्यायचं होतं, त्याची नाली इथून जाणार होती. रेघेवरच्या झोपड्या उठणार. देवाजी मुकादमानं कारखान्याच्या साहेबाच्या हातापाया पडून एक सवलत मिळवली. खानावळ मजुरांची कँटीन म्हणून पसंत पडली, तर नाली तेवढ्यापुरती वळवता येईल. साहेब स्वतः येऊन जेवणार, मग ठरवणार.

जागा सुटली तर दुसरी जागा लांब, मोठ्या नाल्यापलीकडे होती. पाळी सुटल्यावर तिथवर कोण चालत जाणार? त्यापेक्षा बाबुलालचा ढाबा जवळ. धोंडबानं एका सकाळी भीत भीत गावाचा विषय काढला. घर आहे, पडकं का होईना.

भागीरथा कणीक आपटत होती. थांबली नाही.

"तुमाले जाचं असन त तुमी जा," ती म्हणाली. "मी त्या गावात शेणाची पाटी घेऊन मागच्या वाटेनं चाललेली हावो. इथं लोकं माह्यासाठी रांगेत बसते. मले हे चूल सोडून कुठीसा जाचं नाइ."

धोंडबानं वरवंटा उचलला. त्यानंतर गावाचा विषय निघाला नव्हता.

मडक्याचा इलाज चंपतनं काढला. चंपत वेल्डर, वयानं लहान, हातानं हुशार आणि भागीरथाला मावशी म्हणणारा. त्याचं म्हणणं असं की जगातलं सगळं लोखंड जिथं होणार आहे तिथं आपण मातीची मडकी फोडत बसलो, ही लाजेची गोष्ट आहे. त्यानं आणि त्याच्या टोळीनं ठेकेदाराच्या भंगारातला जाड पत्रा मागून घेतला, जेवणाच्या सुट्टीत तापवला, ठोकला, वाकवला आणि दोन अर्धे जोडून एक मडकं उभं केलं. ते त्यांनी बल्लीला टांगून, चौघांच्या खांद्यावर, झेंडूची माळ घालून आणलं. पुढे एक जण डफ वाजवत होता. मरणाचा ताप असावा तसं ऊन होतं आणि चौघांच्या खांद्यांची सालटी निघाली होती.

"मावशी," चंपत म्हणाला, "हे तुह्या नातवाच्या नातवालेबी फुटनार नाइ."

ते खरं होतं. भागीरथानं डोळ्याला पदर लावला. माहेराहूनही तिच्यासाठी कधी कुणी वाजतगाजत काही आणलं नव्हतं.

पहिली रोटी अंथरली. मातीचं मडकं रोटीला धरतं आणि सोडतं; लोखंडानं धरलं ते सोडेना. उलथन्यानं खरवडून काढली तर एका अंगानं कोळसा आणि दुसऱ्या अंगानं कच्ची. शिवाय मधोमध वेल्डिंगची जाड शिवण होती, ती प्रत्येक रोटीवर उमटायची. चंपतनं रोटी उजेडाकडे धरून शेजाऱ्याला दाखवली. लाइन कशी सरळ आली, पाहा म्हणाला.

पंगतीत बसून अन्नाला नाव ठेवणारा माणूस आमच्याकडे जन्माला येत नाही, आणि आला तर त्याला पुन्हा आवतण जात नाही. सगळ्यांनी रोटी चावली. पहिल्यांदा देवाजी बोलला. मुकादम होता, त्याला बोलणं भाग होतं. रोटीत जोर आला म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या, कारण तोंडं रिकामी नव्हती.

भागीरथाला कळत नव्हतं असं नाही. पण पोरांनी खांदे सोलून आणलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? ती जाळ कमी करून पाहायची, जास्त करून पाहायची, मडक्याला तेल, राख, मिठाचं पाणी, जे सुचेल ते लावायची. धोंडबाला तिच्या हातांवरून कळलं. मनगटापासून कोपरापर्यंत फोड उठले होते. लोखंडाला हात जरा लागला की कातडी ठेवून घ्यायचं.

"मडकं कसं काय हाय?" त्यानं विचारलं.

"बेस हाय," ती म्हणाली आणि फोडांवर पीठ लावलं.

धोंडबा कंबर धरून उठला. चंपतला सांगून टाकायचं ठरवून तो त्याच्या झोपडीपर्यंत गेला. चंपत त्याला पाहून इतका हसला, मडक्याला कान जोडून देऊ का म्हणून इतक्या आशेनं विचारू लागला, की धोंडबा म्हणाला, कान नको, रोटी मस्त होऊन राहिली, हेच सांगाले आलो व्हतो. परत येताना त्याची कंबर जास्त दुखत होती.

पंगतीतले लोक आता रोटीचे तुकडे धोतराच्या सोग्यात बांधून नेऊ लागले. बाहेर पडलं की कुत्र्यांना टाकायचे. पण कुत्री इथली, छत्तीसगडची. त्यांना आपली रीत कुठली माहीत. ती वास घ्यायची आणि निघून जायची. भागीरथाला दिसू नयेत म्हणून देवाजीच्या टोळीनं ते तुकडे एका खड्ड्यात पुरले. मुकादमानं वरून माती दाबून घेतली.

साहेब आला तो दुपारचा. गळ्याभोवती रुमाल, टोपीतून घाम गळत होता. माणूस वाईट नव्हता. खाली बसला, बूट कुठं ठेवू म्हणून विचारलं, रस्सा प्याला, डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा मागितला. पाटवडी खाल्ली, जवसाची चटणी बोटानं चाटली. भागीरथा पदराआडून पाहत होती आणि धोंडबाला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मग साहेबानं रोटीला हात घातला. तुटेना. दोन हातांनी धरली. शिवणीवर तुटली आणि ताटात वाजली.

"रोज़ ऐसी ही बनती है?" साहेबानं पंगतीला विचारलं.

तो वाचवायलाच विचारत होता हे धोंडबाला दिसत होतं. आज बिघडली, रोज अशी नसते, एवढं कुणी म्हणालं असतं तरी पुरे होतं. पण पंगत बसलेली, बाई समोर उभी, आणि मडकं ज्यानं केलं तो चंपत शेजारी. सगळे एका सुरात म्हणाले, रोज, साहब. चंपत म्हणाला, "इससे बढ़िया कहीं नहीं मिलेगी." देवाजीनं तर आणखी एक मागून घेतली.

धोंडबानं भिंतीचा आधार घेतला. आता बोलायचंच, म्हणून तो पुढे झाला. कमरेत कळ आली, पंगतीतल्या सगळ्या नजरा त्याच्याकडे वळल्या, आणि त्याच्या तोंडून निघालं, "साहब, और एक लेंगे?"

साहेबानं हात जोडले. जाता जाता देवाजीला बाजूला घेऊन म्हणाला, रस्सा लाजवाब है, लेकिन मजदूर के दाँत भी आख़िर काम के हैं. कँटीन नामंजूर.

त्या दिवशी भागीरथा वाढायला नव्हे, बोलायला पंगतीसमोर येऊन उभी राहिली. पदर खोचला, फोड आलेले हात पुढे धरले.

"करपली व्हती," ती म्हणाली. "रोजच करपून राहिली व्हती. मले मालूम हाय, तुमाले बी मालूम हाय. तुमी माह्या मनासाठी खाल्ली, मी तुमच्या मनासाठी केली. अन् आपल्या दोघांच्या मनापायी चूल गेली."

कुणाला कुठं पाहावं कळेना. सगळ्यांनी ताटात पाहिलं, पण तिथं तर रोटी होती. चंपत उठला. दोन्ही हातांनी ते तापलेलं मडकं चुलीवरून ओढायला लागला, तेव्हा धोंडबानं आणि देवाजीनं त्याला धरलं. भागीरथानं चंपतच्या तळहातांवर पीठ लावलं, जसं स्वतःच्या हातांना लावत होती तसं.

दुसऱ्या दिवशी ती जवळच्या जुनवानी गावाला चालत गेली. तिथं मैनाबाई कुंभारीण होती. मैनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या एका मडक्याला हात लावून विचारलं, "येला उल्टा काबर करथस ओ बहिनी?" कशाला पालथं घालतेस, हा प्रश्न भागीरथाला जन्मात कुणी विचारला नव्हता. तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी तिथंच कणीक मागितली, भिजवली, आपटली आणि हातावर झुलवून दाखवली. कुंभारवाड्यातल्या बाया कामं टाकून गोळा झाल्या. मैनाबाईनं ती झुलणारी कणीक नीट पाहिली, मग मातीत भुसा जास्त घालून बुडाला जाड, पोटाला गोल अशी मडकी थापून दिली. आठवड्याभरानं ती वाळून, भाजून निघाली, तेव्हा डोक्यावर एकावर एक ठेवून भागीरथा उन्हातून आली. त्या दुपारच्या पंगतीत रोटी फुगली. लोकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. चंपतच्या डोळ्यांत पाणी होतं, पण धूरही होता.

नाली मात्र यायचीच होती. पाडायचं काम देवाजीच्या टोळीकडे आलं. सकाळी फावडी, पहारी घेऊन टोळी दाराशी उभी राहिली आणि आत कुणी शिरेना. देवाजी जमिनीकडे पाहत म्हणाला, "वैनी, हुकूम हाय."

"हुकूम कुठीसा पळून जात नाइ," भागीरथा म्हणाली. "उपाशी पोटी काम करान त कमरा जाइन तुमच्या. अगुदर जेवा. मंग पाडा."

ते बसले. तिनं वाढलं. कुणी दुसरी रोटी नको म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. मग त्यांनी हात धुतले, तसबीर उतरवून धोंडबाच्या हातात दिली, आणि छप्पर असं उतरवलं की गवताची एक काडी रश्श्यात पडली नाही. देवाजीनं हुकूम पुन्हा समजून घेतला होता. छप्पर, कूड, दरवाजा हटवायचा. चुलीचं नाव त्यात नव्हतं. नाली खणत खणत टोळी चुलीपर्यंत आली, तिथं देवाजीनं कपाळावरचा घाम पुसला, हातानं हवेत एक वळसा दाखवला, आणि नाली चुलीला मान देऊन बाजूनं पुढे गेली. ठेकेदाराच्या माणसानं विचारलं, तर देवाजी म्हणाला, खाली खडक लागला. खडक कुणीही पाहायला जाऊ शकत होतं, गेलं कुणी नाही.

दुपारी पाळी सुटली. धोंडबा उघड्यावर पाट्यापाशी बसला होता. आता आडोसा म्हणून काही उरलंच नव्हतं, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता. त्यानं माणसं येताना पाहिली. खानावळीचं दार ठेंगणं होतं, आत शिरताना सगळ्यांना वाकावं लागायचं. पहिला आला तो चंपत. जिथं दार होतं तिथं येऊन तो थांबला, चपला काढल्या, मान वाकवली आणि आत आला. मागचाही वाकला. त्याच्यामागचाही. सबंध पाळी, एकामागून एक, मोकळ्या आभाळाखाली वाकून आत आली आणि जिथं भिंत होती तिला टेकायला जाऊन सावरून बसली. रस्त्यावर बाबुलाल ढाबेवाला हे पाहत उभा होता. काही वेळानं तोही आला, जरा बिचकला, आणि वाकला.

धोंडबाचा वरवंटा त्या दिवशी थांबला नाही.

तेव्हा खानावळ पाडली, असं जे मी सुरुवातीला म्हणालो ते खोटंच. एकच अडचण राहिली. वैशाखाचं ऊन, खाली चूल, समोर तापलेलं मडकं, आणि मध्ये भागीरथा. तिचे ओठ फुटले, पाठीवर घामोळं पिकलं, तरी रोटी कोपरापर्यंत लांबतच होती. चार बांबूंवर लुगडं बांधलं, ते नालीच्या हद्दीत कसलंही छप्पर चालणार नाही म्हणून काढायला लावलं. सावलीची परवानगी मागितली, ती नाकारली. तेव्हा पंगतीनं विचारविनिमय करून चंपतकडून अर्ज लिहून घेतला. मराठीत लिहिला, कारण त्याची शाळा मराठीत झाली होती. साहेबाला मराठी येत नव्हतं, ती साहेबाची अडचण. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले, आणि धोंडबाचा अंगठा मसाल्याचा उमटला.

"माननीय साहेब यांचे सेवेशी. विषय: कँप-१ येथील भागीरथाबाई यांचे खानावळीतील उन्हाबाबत. अर्जदार नम्रपणे कळवितात की, सदर जागेवर छप्पर बांधण्यास आपल्या कचेरीची मनाई असून ती आम्हांस मान्य आहे. तरी छप्पर न बांधता काम भागावे यासाठी, दुपारच्या पाळीचे जेवण होईपर्यंत, सूर्य सदर जागेवरून हलवून नाल्यापलीकडे नेण्यात यावा. हलविण्यास लागणारे खलाशी, दोर व बल्ल्या अर्जदार स्वखुशीने पुरवितील. रात्रपाळीस सूर्याची आवश्यकता नसल्याने त्याबाबत तक्रार नाही. योग्य तो हुकूम लवकर व्हावा, ही विनंती."